मुरत घातलेलं शेत

भात कापून झालं तेव्हा
विहिरीकडच्या चार गुंठ्यांत पेरणी केली :
दोन ओळी मका, एक ओळ चवळी.
सगुणकाका बांधावरून म्हणाले, "मको?
माका नको असलो उद्योग."
तुम्हाला नाहीच, म्हटलं. बांडीला.

चवळी मक्याच्या अंगावर चढली,
धाकटी बहीण खांद्यावर बसून जत्रा बघते तशी.
मका गोड, पण नुसताच गोड.
चवळीत कस, पण एकटी मुरत घातली की नासते,
तिला कुणाची तरी साखर लागते.
हे मला मागल्या वर्षीच्या खड्ड्यानं शिकवलं.
नुसती चवळी, ओली, घाईत भरलेली.
उघडली तर ओहोटीच्या खाडीसारखा वास.
बांडीनं एकदा हुंगलं आणि माझ्याकडे असं पाहिलं
की सगळा माल माडांच्या आळ्यात गेला
आणि तीन दिवस गोठ्यात मी
खाली मान घालून शिरत होते.

या वर्षी दाण्याला नख लावत बसले.
पाणी आलं, थांब.
दूध आलं, थांब.
दूध घट्ट होऊन नखाला चिकटलं
त्या दिवशी कोयती घासली.
चवळी सकाळीच कापून उन्हात लोळत ठेवली,
मका दुपार कलल्यावर.
कुट्टीचं यंत्र अनंत गावड्याचं,
डिझेल आपलं, बढाया त्याच्या.
पेराएवढे तुकडे, त्याहून मोठा दिसला की परत आत.
मूठ आवळली, सोडली :
गोळा हळूहळू उमलला,
तळवा ओला, थेंब नाही.

खड्डा चिऱ्यांचा, कंबरेइतका,
आत नवं जाड प्लास्टिक.
तुडवायला मात्र माणूस मिळेना.
गावात शिमगा, पोरं सगळी पालखीमागं.
मी आणि नणंद, दोघीच आत,
वीतभर थर टाकायचा, तुडवायचा,
कडेकडेनं टाचा रुतवायच्या,
कारण वारा कोपऱ्यातच लपून बसतो.
गुळाचं पाणीही शिंपडलं. गरज नव्हती.
भीती होती.

तिसऱ्या थराला पालखी अंगणात आली
आणि आमच्या पायांना तर हिरवा चोथा.
ओटी भरायची कशी?
ढोलवाली पोरं खड्ड्यात डोकावली,
एकानं विचारलं, उतरू?
मग चपला काढून सातजण आत,
वर ढोल, खाली पाय,
आणि मका-चवळी अशी बसली, अशी बसली
की खड्ड्याला आणखी दोन थर मिळाले.
गाऱ्हाणं सगुणकाकांनी घातलं.
घराचं झालं, गुरांचं झालं,
जरा थांबले, खड्ड्याकडे पाहिलं :
"आणि बा देवा म्हाराजा,
हेच्यात वारो शिराक देव नको."
पोरं खड्ड्यातूनच ओरडली, व्हय म्हाराजा.

वर प्लास्टिक, वर माती, वर चिरे.
पंचेचाळीस दिवस.
अठराव्या दिवशी घुशीनं कोपरा कुरतडला,
सायकलच्या ट्यूबचं ठिगळ लावलं
आणि रात्री दोनदा उठून
बॅटरीच्या उजेडात त्या ठिगळावर हात ठेवून आले.
बाहेर डोंगर पिवळा, मग भुरा,
मग नुसता दगड.
आत काय चाललंय ते कळायला वाट नव्हती.

वैशाखात एका टोकानं उघडलं.
वरचं चार बोटं काळं, ते बाजूला.
त्याखाली पिवळट हिरवं, कोमट नाही, गार,
कच्च्या कैरीच्या फोडीसारखा आंबूस वास,
आणि चवळीचं पान अजून पान म्हणून ओळखू येणारं.
बांडीनं हुंगलं.
पुन्हा हुंगलं.
मग तिनं घमेलंच ढोसलं.

सगुणकाका आले ते वासामागून,
चिमूटभर बोटांत चुरडून नाकाशी धरलं.
"लोणच्याचो वास येता गो."
काही वेळ बांडीचं खाणं ऐकत उभे राहिले.
"माझ्या बकरेक मूठभर दी."
मी भरलेलं सूप पुढे केलं
तर ते माझ्याकडे बघतच नव्हते,
उघड्या कडेकडे बोट दाखवत होते :
"झाक गो आधी. वारो लागात."